साठ टक्के दाखवून नोड बंद का पडतो? एका सेलसाठी चार्जर, संरक्षण आणि मापन कसं निवडावं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. वरुड भागातल्या संत्र्याच्या बागेत मातीतला ओलावा मोजणारा एक नोड, म्हणजे बॅटरीवर चालणारं छोटं उपकरण, लावला आहे. त्यात ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपचा साधा डेव्ह बोर्ड (तयार सर्किट बोर्ड), कपॅसिटिव्ह सेन्सर, २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) एक १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल, टीपी४०५६चं चार्जिंग मॉड्यूल आणि ६ व्होल्ट १ वॉटचं सोलर पॅनेल आहे. दर अर्ध्या तासाने नोड जागा होतो, वायफायवरून आकडा पाठवतो आणि झोपतो. मागच्या पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस ढग राहिले की तो बंद पडायचा, आणि शेवटच्या संदेशात बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास दाखवायची. सेल घरी आणून मीटर लावला तर ३.७ व्होल्ट भरायचे. यंदा मृग बहारासाठी बाग ताणावर सोडायची, म्हणजे काही काळ पाणी तोडायचं आहे, तेव्हा हा नोड मे महिन्यात भरवशाने चालायला हवा. म्हणून तुम्ही विचारलं आहे की कोणता बीएमएस (बॅटरी सांभाळणारा बोर्ड) घ्यावा, आणि टक्केवारी नीट कळण्यासाठी मापनाच्या चिपांपैकी आयएनए२१९ लावावी की मॅक्स१७०४८.

तुम्ही सेल काढून मीटर लावला हे फार चांगलं केलंत, कारण त्या ३.७ व्होल्टमध्येच बहुतेक उत्तर आहे. तुमची बॅटरी संपलेलीच नव्हती. सेलमध्ये बराच चार्ज शिल्लक होता, पण तो ईएसपी३२पर्यंत पोहोचत नव्हता. त्यामुळे बीएमएस बदलून किंवा महागडी मापनाची चिप लावून हा नोड सुधारणार नाही.

कारण सांगतो. बहुतेक स्वस्त डेव्ह बोर्डांवर ३.३ व्होल्टसाठी एएमएस१११७ हा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठराविक ठेवणारा भाग, असतो. त्याला स्वतःसाठी साधारण १.१ व्होल्टची फरकाची जागा लागते, म्हणजे आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा तेवढं जास्त हवं. यूएसबीचे ५ व्होल्ट दिले तर अडचण येत नाही. तुम्ही मॉड्यूलची आउटपुट वायर बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला जोडली असणार, बहुतेकजण तसंच करतात. सेल ४.२ व्होल्टवर असतानाही चिपला जेमतेम ३.१ मिळतात. सेल ३.७ वर आला की २.६ मिळतात. वायफाय सुरू होताना ईएसपी३२ क्षणभर तीन-चारशे मिलिअँपिअर मागते, तेव्हा सेलचा अंतर्गत रोध, होल्डरची स्प्रिंग, बारीक वायर आणि संरक्षणाचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) यांत आणखी काही दशांश व्होल्ट पडतात. चिपमधला ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे कमी व्होल्टेज ओळखणारा भाग, २.४ व्होल्टच्या आसपास तिला रीसेट करतो. रीसेट झाली की ती पुन्हा बूट होते, पुन्हा वायफाय, पुन्हा रीसेट. हे चक्र झोपेपेक्षा कितीतरी जास्त करंट खातं, म्हणून एकदा सुरू झालं की ढगाळ दिवसात त्यातून सुटका नसते.

साठ टक्क्यांचा आकडाही ओळखीचा आहे. ३.० म्हणजे शून्य, ४.२ म्हणजे शंभर अशी सरळ रेष कोडमध्ये असेल तर ३.७२ व्होल्टला बरोबर साठ येतात. लिथियम सेलचा आलेख सरळ नसतो. ४.२ वरून तो थोडा पटकन उतरतो, मग मधला मोठा टप्पा ३.८ ते ३.६ च्या आसपास रेंगाळतो आणि ३.४ च्या खाली कोसळतो. तेच ३.७ व्होल्ट एका प्रकारच्या सेलमध्ये निम्मा चार्ज दाखवतात, दुसऱ्या प्रकारच्या सेलमध्ये पाव. म्हणून व्होल्टेजवरून काढलेली टक्केवारी ही नेहमी त्या सेलच्या आलेखापुरतीच खरी असते.

आता बीएमएसबद्दल. बाजारात या एका नावाखाली तीन वेगळी कामं विकली जातात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिलं काम चार्जिंग, म्हणजे सेलला ठराविक करंटने भरत नेऊन ४.२ व्होल्टवर स्थिर धरणं आणि करंट पुरेसा कमी झाला की थांबणं. दुसरं काम संरक्षण, म्हणजे काही बिघडलं तर सेल तोडणं. तिसरं काम मापन. तुमच्या टीपी४०५६ मॉड्यूलवर यातली पहिली दोन आधीच आहेत. मोठी आठ पायांची चिप चार्ज करते. मॉड्यूलवर आउटपुटचे वेगळे टोक असतील तर शेजारी सहा पायांची डीडब्ल्यू०१ए आणि तिच्यासोबत दुहेरी मॉस्फेटची चिप असते, ते संरक्षण. ती साधारण ४.३ व्होल्टच्या वर आणि २.४ व्होल्टच्या खाली सेल तोडते, शॉर्ट झालं तरी तोडते. एकच सेल असेल तर सेलांमध्ये समतोल राखण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे तुम्हाला वेगळा बीएमएस नको.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. संरक्षणाची मर्यादा ही रोज वापरायची मर्यादा नव्हे. २.४ व्होल्टपर्यंत सेल नेऊन डीडब्ल्यू०१एच्या भरवशावर सोडला तर प्रत्येक वेळी त्याचं आयुष्य घटतं. शिवाय एकदा तिने सेल तोडला की चार्जिंग येईपर्यंत ती पुन्हा जोडत नाही. नवा सेल बसवल्यावरही कधीकधी आउटपुटला काहीच येत नाही आणि माणूस मॉड्यूल खराब समजून फेकून देतो. क्षणभर यूएसबी लावलं की ते जागं होतं. रोजची मर्यादा तुमच्या प्रोग्रामने पाळायची, तिच्याकडे पुढे येतो.

त्याआधी करंटचा हिशोब, कारण माझ्या मते निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. नोड दिवसातून ४८ वेळा जागा होतो. प्रत्येक वेळी पाच सेकंद आणि सरासरी १२० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला चार मिनिटं, म्हणजे ८ एमएएच. हे काही फार नाही. झोपेचा हिशोब बघा. ईएसपी३२ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण एएमएस१११७ स्वतःलाच ५ मिलिअँपिअरच्या घरात खातो. बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि तुमचा ओलाव्याचा सेन्सर मिळून निदान तितकाच आणखी. त्या सेन्सरवर टायमर चिप सतत चालू असते, तोच एकटा पाचेक मिलिअँपिअर घेतो. एकूण १० मिलिअँपिअर जरी धरले तरी दिवसाला २४० एमएएच झाले. जागेपणी जेवढं खर्च होतं त्याच्या तीसपट नोड झोपेत उडवतो आहे. त्यात सेलचा खालचा अर्धा भाग रेग्युलेटरमुळे वापरताच येत नाही. ऊन नसेल तर २६०० एमएएचमधून पाचेक दिवस निघतात, आणि तुमचा अनुभव नेमका तोच आहे.

हे माझ्या आकड्यांवर सोडू नका, मोजा. बोर्डाबोर्डात खूप फरक असतो. सेलच्या धन वायरमध्ये मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर घाला आणि मीटरच्या दोन्ही टोकांवर एक जंपर वायर लावून ठेवा. नोड बूट होऊ द्या, संदेश जाऊ द्या, झोपला की जंपर काढा आणि आकडा वाचा. जंपर नसेल तर वायफायच्या झटक्यात मीटरच्या अंतर्गत रोधावरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होत राहतो, विशेषतः मायक्रोअँपिअरच्या रेंजवर. नोड परत जागा होण्याआधी जंपर पुन्हा लावायला विसरू नका. या एका मोजणीतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मॉड्यूलमधून कळत नाही.

दुरुस्ती अशी करता येईल. एकतर गाढ झोपेसाठीच बनवलेला बोर्ड घ्या, फायरबीटलसारखे बोर्ड मिळतात. नाहीतर असलेल्या बोर्डावरचा एएमएस१११७ आणि लाल दिवा काढून टाका आणि बाहेर कमी खाणारा रेग्युलेटर लावून थेट ३.३ व्होल्टच्या पिनला द्या. एचटी७८३३ मला या कामाला आवडतो. तो ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, स्वतः ४ मायक्रोअँपिअरच्या आसपास घेतो आणि फरकाची जागाही कमी मागतो. एमसीपी१७०० त्याहून कमी खातो, पण त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर आहे. ईएसपी३२च्या वायफायला ती अपुरी पडते, म्हणून तो इथे मी वापरत नाही. रेग्युलेटरच्या आउटपुटला, चिपच्या जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवा. सेन्सरला वीज थेट न देता ईएसपी३२च्या एका जीपीआयओ पिनमधून (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनमधून) द्या, पाच मिलिअँपिअर तो पिन सहज देतो. जागं झाल्यावर पिन वर करा, थोडं थांबा, वाचा, खाली करा. सेन्सर ३.३ व्होल्टवर चालणारा आहे ना हे मात्र बघून घ्या. काहींवर जुन्या धर्तीची टायमर चिप असते, ती एवढ्या कमी व्होल्टेजवर नीट चालत नाही.

एवढं केलं आणि बोर्डावरची यूएसबीची चिप झोपेत काही खात नसेल, तर झोपेचा खर्च पन्नास मायक्रोअँपिअरच्या आत येतो, म्हणजे दिवसाला एखादा एमएएच. एकूण खर्च ९-१० एमएएच. आता सेल ३.४ व्होल्टपर्यंत वापरता येतो, म्हणजे २००० एमएएच हाताशी आहेत असं धरू. उन्हाचा एक किरणही न पडता नोड सहा महिन्यांच्या वर चालेल. पाच दिवसांवरून दोनशे दिवसांवर आलो, आणि अजून मापनासाठी काहीच विकत घेतलेलं नाही.

मग मापन कशासाठी? मी कुठलीही मापनाची चिप निवडण्याआधी हेच विचारतो की हा आकडा बघून कोण काय ठरवणार आहे. हातात धरायचं उपकरण असेल, पडद्यावर टक्के दिसत असतील आणि माणूस त्यावरून ठरवणार असेल की आता चार्जिंगला लावायचं की नाही, तर टक्केवारी बरी हवी. तुमच्या नोडला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत. आज वायफाय चालू करावं की नाही, आणि तुम्ही बागेत चक्कर मारायला हवी का. या दोन्हींना साधं व्होल्टेज पुरतं, मात्र ते योग्य वेळी मोजलं पाहिजे.

विहिरीत पाणी किती आहे हे आपण मोटर चालू असताना बघत नाही. रात्रभर विहीर भरू देतो आणि सकाळी बघतो. सेलचंही तसंच आहे. लोड चालू असताना व्होल्टेज खाली दिसतं, चार्जिंग चालू असताना वर दिसतं. तुमचा नोड अर्धा तास झोपतो, म्हणजे जागा होतो त्या क्षणी सेल छान विसावलेला असतो. वायफाय सुरू करण्याआधी, सगळ्यात पहिल्या ओळीत व्होल्टेज वाचा. त्यातही पहाटेचं वाचन सर्वांत भरवशाचं, कारण पॅनेल बंद असतं आणि चार्जिंगचा परिणामही उतरलेला असतो. पहाटे साडेचार-पाचचा आकडा रोज वेगळा जपून ठेवा. आजचा पहाटेचा आकडा कालच्यापेक्षा खाली, उद्याचा त्याहून खाली, असं आठवडाभर चाललं तर पॅनेलवर धूळ बसली आहे, फांदीची सावली येते आहे किंवा कुठेतरी वायर सुटली आहे. टक्क्यांच्या आकड्याने हे कधीच इतकं स्पष्ट कळत नाही.

मोजण्याच्या सर्किटमध्ये दोन-तीन बारीक गोष्टी आहेत. ईएसपी३२चा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, वरच्या टोकाला वाकडा आहे, २.४५ व्होल्टच्या पुढे त्याच्यावर विसंबू नका. म्हणून सेलचं व्होल्टेज दोन समान रोधांनी निम्मं करा, ४.२ चे २.१ होतील. रोध किती घ्यावेत? बरेचजण १०० किलोओहमचे दोन लावतात, त्यातून सतत २१ मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे झोपलेल्या चिपच्या दुप्पट. १ मेगाओहमचे दोन लावा, २ मायक्रोअँपिअरवर काम भागतं. पण एवढ्या मोठ्या रोधातून एडीसीला आतला कपॅसिटर भरता येत नाही आणि वाचन कमी येतं, म्हणून मधल्या बिंदूपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. पिन ३२ ते ३९ यांतलाच घ्या, कारण दुसऱ्या गटाचा एडीसी वायफाय चालू असताना वापरता येत नाही. चिपचा आतला संदर्भ व्होल्टेज १.१ चा म्हणतात, पण नगागणिक तो १.० ते १.२ पर्यंत फिरतो. आर्डुइनोमध्ये प्रोग्राम लिहिताना थेट मिलिव्होल्ट देणारं फंक्शन वापरलं तर कारखान्यात नोंदवलेली दुरुस्ती धरली जाते. तरीही एकदा मीटरने सेल मोजा आणि त्या नोडपुरता एक गुणक कोडमध्ये लिहून ठेवा.

प्रोग्राममध्ये मी अशा पायऱ्या ठेवतो. ३.८ व्होल्टच्या वर असेल तर नेहमीसारखं अर्ध्या तासाने. ३.६ ते ३.८ मध्ये दोन तासांनी. त्याखाली दिवसातून दोनदा. ३.४ च्या खाली वायफायला हातच लावायचा नाही, फक्त झोपायचं आणि सहा तासांनी परत बघायचं. वर चढताना उंबरठा थोडा वर ठेवा, म्हणजे ३.४ ला थांबलेला नोड ३.५५ झाल्यावरच पुन्हा बोलू लागेल. नाहीतर सकाळच्या कोवळ्या उन्हात तो उठतो, बोलायला जातो आणि परत कोसळतो. या उंबरठ्यांचे नेमके आकडे तुमच्या सेलवर आणि रेग्युलेटरवर अवलंबून आहेत, ते थोडे हलवावे लागतील.

आता तुम्ही विचारलेल्या दोन चिपा. आयएनए२१९ चांगली आहे, पण या कामाची नाही. ती शंट रोधावरचं, म्हणजे करंटच्या वाटेत घातलेल्या अगदी लहान रोधावरचं, व्होल्टेज १० मायक्रोव्होल्टच्या पायरीने मोजते. मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट असतो, म्हणजे सर्वांत लहान पायरी ०.१ मिलिअँपिअरची. तुमचा नोड झोपेत जे पन्नास मायक्रोअँपिअर घेईल ते तिला दिसणारच नाहीत. त्यात ती स्वतः चालू असताना एक मिलिअँपिअरच्या घरात घेते, दिवसाला २० एमएएचच्या आसपास. मोजणाराच नोडच्या दुप्पट खाणार. टेबलावर पॅनेलचा करंट तपासायला, एखाद्या मोटरचा किंवा एलईडी पट्टीचा खर्च बघायला ती उत्तम आहे.

मॅक्स१७०४८ वेगळ्या पद्धतीची आहे. ती करंट मोजत नाही, शंटही लागत नाही. सेलचं व्होल्टेज सतत बघून, आतल्या मॉडेलवरून चार्ज किती उरला याचा अंदाज लावते. चालू असताना २३ मायक्रोअँपिअर, निवांत अवस्थेत त्याहून बरंच कमी. ४.२ व्होल्टच्या सेलवर चालणारं, बदलता लोड असणारं उपकरण असेल, म्हणजे हातातला मीटर, छोटा रेडिओ, गळ्यात घालायचं काही, तर मी डोळे मिटून हीच घेतो. तुमच्या नोडला ती लावली तर बिघडत काही नाही, पण पहाटेचं वाचन जेवढं सांगतं त्यापेक्षा फार जास्त ती सांगणार नाही. तिसरा प्रकार कूलॉम, म्हणजे सेलमध्ये आत-बाहेर गेलेला चार्ज, मोजणाऱ्या चिपांचा, बीक्यू२७४४१सारख्या. त्यांना सेलची क्षमता सांगावी लागते, एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवून शिकवावं लागतं, आणि सेल काढला की ही चिप शिकलेलं विसरते. बागेत सेल बदलावा लागणाऱ्या नोडसाठी हा उपद्व्याप मी करणार नाही.

चार्जिंगकडे वळू. तुमच्या टीपी४०५६ मॉड्यूलवर करंट ठरवणारा रोध १.२ किलोओहमचा असतो आणि त्यामुळे ती १ अँपिअर मागते. तुमचं पॅनेल भर उन्हात दीडशे मिलिअँपिअर देईल न देईल. मागणी आवाक्याबाहेर असल्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज कोसळतं. शिवाय ठरवलेल्या करंटच्या दहाव्या भागाखाली, म्हणजे १०० मिलिअँपिअरखाली आलं की चिप सेल भरला असं समजते. ढगाळ उजेडात पॅनेल तेवढं देतच नाही, त्यामुळे मॉड्यूलवरच्या दिव्यांचा काही अर्थ लागत नाही. तो रोध काढून १० किलोओहमचा लावा. करंट १३० मिलिअँपिअरवर येतो, थांबण्याची मर्यादा १३ वर. पॅनेलला ते झेपतं आणि चिपही तापत नाही. दिवसाचा खर्च १० एमएएच असताना एवढा करंट रग्गड झाला. ढगाळ दिवशी उन्हाळ्यातल्या चार्जिंगचा दहावा हिस्सा जरी मिळाला तरी पन्नासेक एमएएच आत येतात. नव्याने घेत असाल तर सोलरसाठीच केलेली सीएन३०६५ घ्या, ती पॅनेल जेवढं देऊ शकतं तेवढंच ओढते.

चार्जिंगची स्थिती संदेशातून पाठवायची असेल तर टीपी४०५६च्या चार्जिंग दाखवणाऱ्या पायावरून वायर काढता येते, पण सरळ जीपीआयओला जोडू नका. तो पाय चार्जिंग चालू असताना खाली ओढला जातो. बंद असताना मात्र मॉड्यूलवरचा दिवा आणि त्याचा रोध यांच्यातून पॅनेलचं व्होल्टेज त्या वायरवर येतं, आणि ईएसपी३२चा पिन ३.३ च्या वरचं सहन करण्यासाठी बनलेला नाही. एकतर तो दिवा काढून टाका, किंवा मध्ये एक शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, पट्टीची बाजू चार्जर चिपकडे, आणि पिनला आतला पुल-अप (पिन एरवी वर धरून ठेवणारा रोध) द्या.

वापर चालू असतानाच चार्जिंगलाही लावायचं उपकरण असेल तर टीपी४०५६ गैरसोयीची आहे. लोडचा करंट आणि सेलचा करंट तिला वेगळे कळत नाहीत, म्हणून लोड मोठा असला की चार्जिंग संपल्याचं तिच्या लक्षातच येत नाही. तिथे बीक्यू२४०७४ किंवा एमसीपी७३८७१सारखी, लोडला वेगळी वाट देणारी चिप घ्यावी. तुमचा नोड बहुतेक वेळ झोपलेला असतो, त्याला याची गरज नाही.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात ठेवलेल्या बंद डब्याच्या आत त्याहून पुष्कळ वर. बहुतेक लिथियम-आयन सेलची चार्जिंगची मर्यादा ० ते ४५ अंश असते. टीपी४०५६ला तापमान मोजायचा पाय आहे, पण या मॉड्यूलवर तो ग्राउंडला जोडून निकामी केलेला असतो. म्हणजे भर दुपारी, सेल सर्वांत तापलेला असताना, पॅनेल त्याला सर्वांत जोरात भरत राहणार. ४.२ व्होल्टवर भरलेला सेल साठ अंशांत रोज उभा राहिला तर एका उन्हाळ्यात त्याची क्षमता लक्षणीय घटते, आणि सेल हलक्या प्रतीचा असेल तर धोकाही आहे.

म्हणून तुमच्या जागी मी सेलचा प्रकारच बदलेन. लिथियम आयर्न फॉस्फेट, बोलीभाषेत एलएफपी. सोलर पथदिव्यांमध्ये ३२७०० आकाराचे ६००० एमएएचचे सेल सर्रास असतात, त्यामुळे मिळायला अवघड नाहीत. उष्णता हे रसायन बऱ्यापैकी सोसतं आणि बिघडलं तरी पेट घेण्याची शक्यता कितीतरी कमी. त्याचं पूर्ण चार्ज ३.६ व्होल्टच्या आसपास असतं, म्हणून टीपी४०५६ त्याला अजिबात चालणार नाही. टीपी५०००मध्ये ४.२ आणि ३.६ असे दोन्ही पर्याय एका पायावरून निवडता येतात, किंवा सीएन३०५८ घ्या. संरक्षणाचा बोर्डही एलएफपीचाच हवा. याचा एक तोटा आहे. त्याचं व्होल्टेज जवळजवळ पूर्ण उतरेपर्यंत ३.२-३.३ वरच बसून राहतं, व्होल्टेजवरून टक्के काढणं विसरा. मॅक्स१७०४८ही त्याच्यासाठी नाही. पण दिवसाला १० एमएएच खर्च आणि ६००० एमएएचचा साठा असेल तर टक्के कोणाला हवेत? ३.१ च्या खाली आलं की सावध व्हायचं, एवढा एक उंबरठा पुरतो. वरच्या पायऱ्याही त्या मानाने बदला.

सेल कोणताही असो, डबा पांढरा घ्या, पॅनेलच्या सावलीत येईल असा त्याच्या खाली, दोन बोटं हवा खेळेल असा लावा. तापमान मोजायला दहा किलोओहमचा एनटीसी (तापमानाप्रमाणे बदलणारा रोध) सेलला चिकटवून ३२ ते ३९ मधल्याच आणखी एका पिनवर घेतला तर मे महिन्यात तुमच्या डब्यात खरोखर काय होतं ते कळेल.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढे याच नोडवरून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा आहे आणि त्यासाठी १२ व्होल्ट लागतील. तेव्हा तीन सेल एकामागे एक जोडलेत तर बीएमएसचा प्रश्न खरा होतो. समतोल राखणाराच बोर्ड घ्या. स्वस्त बोर्डांपैकी बरेच नुसतं तोडणारे असतात. समतोल असेल तर प्रत्येक सेलसाठी रोधांची एक रांग बोर्डावर उघड दिसते. तिन्ही सेल एकाच खेपेचे घ्या आणि जोडण्याआधी एकेक करून ४.२ पर्यंत भरून सारखे करा. १२.६ व्होल्टचा करंट आणि व्होल्टेज दोन्ही सांभाळणारा चार्जर वेगळा घ्यावा लागेल. बीएमएसला थेट १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावून तो तोडेल तेव्हा चार्जिंग पूर्ण असं समजणारे खूप भेटतात, ते करू नका. पण व्हॉल्व्हसाठी मी हा मार्ग घेणारच नाही. लॅचिंग सोलेनॉइडला, म्हणजे आहे त्या स्थितीत आपोआप टिकून राहणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला, फक्त उघडताना आणि बंद करताना छोटा झटका लागतो. एकाच सेलवरून छोट्या बूस्ट (व्होल्टेज वाढवणाऱ्या) मॉड्यूलने एक मोठा कपॅसिटर भरायचा आणि तो झटका द्यायचा, मग तीन सेलची कटकटच राहत नाही.

सेल विकत घेताना ९९०० एमएएच छापलेला १८६५० दिसला तर पुढे चला, या आकारात ३५०० च्या आसपास मर्यादा आहे. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या घरात भरतं, तीस ग्रॅमचा असेल तर आत काय आहे कोण जाणे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेत असाल तर खिशात छोटा वजनकाटा न्यायला संकोच करू नका. होल्डरवर धन-ऋण ठळक रंगवून घ्या. टीपी४०५६ मॉड्यूलला उलट्या सेलपासून संरक्षण नाही, आणि बागेत संध्याकाळच्या अंधारात सेल उलटा बसायला क्षणही लागत नाही.